विचारून झाल्यावर

दारामागच्या खुंटीवर बाबांचा स्वेटर तसाच होता, एक बाही आत उलटी गेलेली – घाईत काढल्यासारखी... की घाईत काढायला लावल्यासारखी? त्याने बाही सरळ केली नाही. ऑफिसला उशीर होत होता. लाज वाटून घ्यायची तर त्यालाही सवड लागते.

ऑफिसात तोच खुंट्या ठोकणारा. त्याच्या प्रोग्रामला बाहेरचे लोक आपापली प्लगिन्स – छोटे पूरक प्रोग्राम – जोडत, त्यासाठी त्याने जागोजागी हुक, म्हणजे खुंट्याच, ठेवले होते. 'नोंद पुसण्याआधी' या हुकपाशी प्रोग्राम थबकायचा, तिथे टांगलेल्या प्रत्येक प्लगिनला विचारायचा – पुसू का? – आणि मगच पुढे सरकायचा. नव्या माणसांना हे समजावताना त्याचा आवाज लोकशाहीवर भाषण दिल्यासारखा व्हायचा.

"सर, एखादं प्लगिन 'नको' म्हणालं, तर ते 'नको' जातं कुठे?" नव्या प्रोग्रामर मुलीने विचारलं.

"म्हणजे?"

"आपण विचारतो, उत्तर येतं, आणि पुढच्याच ओळीत आपण पुसून मोकळे. उत्तर कुणी बघतच नाही."

त्याने पाहिलं. खरंच की... इतकी वर्षं ती बिचारी प्लगिन्स इमानेइतबारे 'नको' म्हणत होती, आणि याचं ऐकून घेणं म्हणजे काय, तर समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबणं.

"मुद्दामच ठेवलंय तसं," तो म्हणाला. कानशिलं तापली.

"बरं," ती म्हणाली – बाबांना नेलं त्या रविवारी बहीण म्हणाली होती, अगदी तसंच.

बहिणीला विचारलं होतं की त्याने! बाबांनासुद्धा – शेजारी बसून, हात हातात घेऊन: "वृद्धाश्रमात तुमची नीट सोय होईल. जायचं ना?" "नको रे," बाबा म्हणाले, "मी इथे कुणाच्या अध्यात ना मध्यात." यावर त्याने मान डोलावली, केवढ्या समजूतदारपणे! आणि बॅग उचलली. ती आधीच भरलेली होती. विचारलं नाही, असं म्हणायची कुणाची टाप नव्हती...

दुरुस्ती एका ओळीची: 'नको' आलं तर थांब. ती लिहून त्याने जिन्यात जाऊन वृद्धाश्रमाला फोन लावला.

"जेवलास का रे?" बाबांनी आधी तेच विचारलं.

"हो... बाबा, घरी परत यायचं का?"

पलीकडे बाबा विचार करत असावेत, किंवा स्वेटर शोधत. आणि फोन कानाला घट्ट दाबून उभा असताना त्याला कळलं, की आज तो पहिल्यांदाच कानात प्राण आणून ऐकतोय – आणि वाट बघतोय ती 'नको'ची.