आठ बटणं

वरून तिसरं बटण. कडेचं सोनेरी पाणी उडून खालचं पितळ दिसू लागलेलं, आणि चार भोकांतून गेलेला पिवळा दोरा – एकेरी, कच्चा, बायको नेहमी लावते तसाच... त्यानं अंगठ्यानं ते बटण हलकेच फिरवून पाहिलं. जागचं हललं नाही. चार महिने झाले, आठपैकी एकही बटण जागचं हललं नव्हतं.

कपडे बदलायच्या त्या अरुंद खोलीत, भिंतीला टेकवलेल्या टेबल-टेनिसच्या टेबलांच्या आडोशाला, तो स्टुलावर बसला होता. पायांत बूट, मांडीवर कोट, कोटावर नियमांचं ते जाडजूड लाल पुस्तक. आत एक अक्षर छापलेलं नव्हतं, नुसतं पुठ्ठ्यांवर पुठ्ठे. पंचाची पाठ वळली की ते समोरच्या पैलवानाच्या डोक्यात घालायचं आणि लोकांकडे वळून, मान तिरकी करून म्हणायचं, ‘नियम वाचा.’ एकतीस वर्षं तो हेच करत आला होता. सगळे त्याला वकील म्हणत. शाळा त्यानं आठवीतच सोडलेली, तरी वाणी त्याला भाडेकराराचा सल्ला विचारी आणि तो देईही. आणि खरं सांगायचं तर आजवर कोणाचं नुकसान झालं नव्हतं.

शनिवारच्या या कुस्त्यांत रिंगमध्ये कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असे. लोकांनी कोणाचा राग करायचा, हे मात्र ठरवून होत नाही. तो राग कमवावा लागतो, आणि तो कमावणं एवढंच वकिलाचं काम. दुष्ट पैलवानाचा तो मॅनेजर. पैलवानानं नुसतं उभं राहायचं, शिव्या यानं खायच्या. पहिल्याच महिन्यात तो रिंगकडे जाताना लोकांनी ओढून-ओढून कोट फाडला, तेव्हा बायकोनं डोकं चालवलं. बटणं कच्च्या दोऱ्यानं लावायची, म्हणजे ओढणाऱ्याच्या हाती बटण जाईल, कापड वाचेल. तेव्हापासून शनिवारी घरी गेलं, की दारातच तिचा प्रश्न – किती? – तीन. – आणि ती पत्र्याचा डबा उघडून सुई ओवायला बसे. एकदा सात गेली होती. सात! त्या दिवशी तिला हसण्यापायी दोरा ओवता येईना.

...आणि आता चार महिने, सगळी आहेत.

लोकांना तो आवडू लागला होता. नेमकं कधी, ते त्याला सांगता आलं नसतं. गुडघे दुखायला लागल्यावर तो काठी घेऊन चालू लागला तेव्हा असेल, किंवा त्याला शिव्या देणाऱ्यांची मुलंच आता शिव्या द्यायला येऊ लागली तेव्हा असेल. तो दारात दिसला की टाळ्या पडत. ‘नियम वाचा’ तो म्हणायच्या आधी सगळं सभागृह एका सुरात म्हणे. वरवर पाहता केवढा मान. पण दुष्टालाच टाळ्या पडल्या, तर चांगल्याला काय पडणार?

दार ढकलून सुतार आत आला. हा खरोखरीचा सुतार. आठवडाभर दरवाजे-खिडक्या करायचा आणि शनिवारी लढायचा. तीन वर्षं हरत-हरत आज विजेतेपदाचा पट्टा जिंकणार होता. आणि वकिलाचा आज या कामातला शेवटचा शनिवार.

“काका, खेळाच्या मालकीणबाई म्हणतात, आज तुम्हाला टाळ्या घ्यायच्या असल्या तर घ्या. पाच मिनिटं देतायत. तुमचा हक्क आहे म्हणे.”

“आणि तू काय म्हणतोस?”

सुतार नखातला लाकडाचा भुसा काढत राहिला. “मी काय म्हणणार? घ्या ना. मी पट्टा उचलेन तेव्हा लोक तुमच्याकडे बघत असतील एवढंच. आईला मी पहिल्यांदाच बोलावलंय.”

“कुठे बसलीय?”

“तिसरी रांग. तिला वाटतं खरंच मारतात. येताना मलमाची डबी घेऊन आलीय.”

वकील हसला. मग कोट चढवून तिसरं बटण लावलं. वडील... वडील देवाच्या कथा गाऊन सांगत. भर दुपारीही लोक हातातलं काम टाकून ऐकायला बसत. देवाच्या ओळी ते हळू, जवळजवळ स्वतःशीच गात. पण दैत्य आला की उठून उभे राहत, छाती भरून घेत, आणि असा आवाज लावत की पुढं बसलेल्या बायका पदर घट्ट धरत. कोणी तरी विचारलं होतं, महाराज, देवापेक्षा दैत्यालाच का एवढा सूर? – अरे, अंधार अर्धवट गायला, तर देवानं यायचं कुठे? वडील एकदाच इथं आले होते. शेवटच्या रांगेत बसले, आणि भर गर्दीत उभे राहून पोटच्या पोराच्या नावानं ओरडले, ‘निर्लज्जा!’ घरी आल्यावर दाराशी चप्पल काढताना म्हणाले, तुला उलट्या बाजूची सेवा मिळालीय. पोटभर कर.

पोटभर. आणि मी शेवटच्या दिवशी टाळ्या घेऊन उपाशी निघू?

तो बाहेर आला आणि टाळ्यांचा पाऊसच पडला. लोक उभे राहिले. त्यानं काठी उगारली, ते हसले. त्यानं माइक घेऊन त्यांच्या गावाला, त्यांच्या रस्त्यांना, त्यांच्या पोरांच्या अकलेला नावं ठेवली. एकतीस वर्षं ज्या वाक्यांवर खुर्च्या उडाल्या होत्या त्या वाक्यांवर एक म्हातारा डोळे पुसू लागला. रिंगच्या कोपऱ्यात सुतार उभा होता – चांगला, धडधाकट, कोणाच्या लक्षातच नसलेला.

मग पहिल्या रांगेतून छत्रीवाल्या काकू उठल्या.

काकू गेली बावीस वर्षं त्याच खुर्चीवर बसत आणि तो जवळून गेला की त्याला छत्रीनं मारत. एकदा त्याचं मनगट सुजलं होतं, तेव्हा तो आठवडाभर ते मिरवत फिरला होता. या चार महिन्यांत मात्र छत्री खुर्चीलाच टेकलेली असे. आज काकूंच्या हातात मफलर होता. मरून रंगाचा, कडेला सोनेरी पट्टी... त्याच्या कोटाच्या रंगाचा. हातानं विणलेला.

“थंडी बाधते तुम्हाला,” काकू म्हणाल्या. “मागच्या वेळी खोकत होतात.”

 त्यानं मफलर हातात घेतला. नव्या लोकरीचा वास, आणि त्यात कपाटातल्या कापराचा. एका ठिकाणी टाका चुकलेला, पुन्हा उसवून विणलेला. म्हणजे काकूंना आता नीट दिसत नाही. किती शनिवार विणत असतील... गळ्याभोवती घालायचा, एवढंच तर करायचं होतं. सभागृह उठून उभं राहिलं असतं. सुताराच्या आईनंही टाळ्या वाजवल्या असत्या. आणि या धंद्याचा नियम – तेवढा एकच खरा नियम – की हे सोंग आहे हे प्रेक्षकाला कधी सांगायचं नाही, आधी नाही, नंतर नाही, डोळ्यानंही नाही. आता जे करीन ते कायमचं केलं म्हणायचं.

देवा, सूर खरा लागू दे.

तो रिंगच्या पायरीवर बसला. सावकाश. उजवा बूट गुडघ्यावर घेतला आणि मफलरनं पुसला. टाच, चवडा, शिवणीतली धूळसुद्धा. मग डावा. मग मफलर उजेडात धरून डोळे बारीक करून पाहिला आणि माइकमध्ये अगदी हळू, वडील देवाच्या ओळी गात तितक्या हळू म्हणाला, “लोकर हलकी आहे, बाई.”

 मग कुठून तरी मागून एक आवाज आला, आणि त्याच्यामागून सगळं सभागृह. शिट्ट्या नव्हेत, थट्टा नव्हे – तो जुना, जाड, पोटातून येणारा घोंगावता राग, जो त्यानं चार महिने ऐकला नव्हता. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. म्हातारा ओरडत होता. तिसऱ्या रांगेत एक बाई मलमाची डबी उगारून उभी होती. आणि छत्री आली – खांद्यावर, पाठीवर, पुन्हा खांद्यावर – काकूंचा चेहरा त्याच्या इतक्या जवळ होता, आणि तरी त्याला वाचता येईना.  डोळ्यांत पाणी होतं, की चमक? की दोन्ही? कोणीतरी त्याचा कोट ओढला.

त्यानंतर सुतारानं काहीही केलं असतं तरी चाललं असतं. त्यानं लाल पुस्तक हिसकावून घेतलं तेव्हा लोक खुर्च्यांवर चढले. दुष्ट पैलवान कोसळला, वकील दोरांवरून उलटा पडला – गुडघ्यातून कळ गेली, जाऊ दे – आणि जमिनीवर पडल्या-पडल्या त्याला पट्टा वर उचललेला दिसला. सगळ्या सभागृहात एकही डोळा त्याच्याकडे नव्हता. एकही नाही. तो तसाच पडून राहिला, आणि वडिलांसारखी छाती भरून घेतली.

आत येऊन त्यानं मफलर कुठे पडलाय का विचारलं. झाडणारा म्हणाला, मफलर-बिफलर काही नाही, फक्त शेंगांची टरफलं. म्हणजे काकूंनी उचलून नेला. धुवायला? जाळायला? आज त्यांच्या घरी जाऊन दारात उभं राहता आलं असतं... नियम. उद्याही नियमच. त्याला वाटलं होतं हे टोचेल, आणि टोचतही होतं. पण ज्या ठिकाणी टोचत होतं तिथेच काहीतरी भरून आल्यासारखं, कथा संपल्यावर वडील बराच वेळ डोळे मिटून बसत, तसं.

तो घराकडे निघाला. ऊन अजून होतं. छत्री लागली होती तो खांदा ठणकत होता आणि त्यानं दुसऱ्या हातानं कोट चाचपला. एक, दोन. तिसऱ्या जागी नुसता दोरा, पिवळा, तुटलेला, वाऱ्यावर हलणारा. कोणाच्या हाती गेलं ते त्यानं पाहिलं नव्हतं. काकूंची म्हातारी बोटं असतील, नसतीलही.

किती, बायको दारातच विचारील. त्यानं उत्तर तोंडात घोळवत ठेवलं, आणि चाल मुद्दाम हळू केली.