मुद्दाम हरलेला डाव

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे. पण माझ्यावर कधी कोणी जेवले नाही की गृहपाठ केला नाही. मी टेबल टेनिसचे टेबल. कारखान्याच्या वसाहतीतल्या सभागृहात, पाय दुमडून, मी भिंतीला टेकून उभे असते. खुर्च्या रचताना कोणी धक्का दिला तरी आताशा मला काही जाणवत नाही.

मला एका सुताराने घडवले. प्लायवूडचे दोन तक्ते त्याने घासून घासून गुळगुळीत केले, हिरवा रंग दिला आणि कडेने पांढरी रेघ ओढली. त्याला दोन मुली होत्या. थोरलीला सगळे ताई म्हणत आणि धाकटीला चिमणी. रंग वाळला का ते बघायला चिमणीने बोट टेकवले, तेव्हा ताईने तिला एक धपाटा घातला होता.

पुढे त्या दोघीच माझ्यावर सर्वांत जास्त खेळल्या. ताई वसाहतीत कोणाला हार जात नसे. चिमणी तर रोजच हरे. "जा, आधी उंची वाढवून ये!" असे ताई चिडवायची. चिमणी गाल फुगवून चेंडू उचलायची आणि पुन्हा समोर उभी राहायची. आम्हाला बघायला माणसे गोळा होत. माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस होते.

मग वसाहतीच्या स्पर्धेत दोघी बहिणी अंतिम सामन्यात समोरासमोर आल्या आणि चिमणी जिंकली. तिने जाळीवरून हात पुढे केला. ताईने बॅट माझ्यावर ठेवली आणि ती सरळ बाहेर निघून गेली. टाळ्या वाजत होत्या, कप आणला जात होता, आणि चिमणीचा हात तसाच राहिला होता.

ताई रडली नाही, भांडलीही नाही. "घरात दोघी आहेत, पण बोलणं नाही," सुतार सभागृह सांभाळणाऱ्या काकांना सांगत होता. "थोरली विचारलं तेवढंच बोलते. जेवायला वाढलं तर जेवते."

ती खेळायला यायची, पण चेंडू आला की परतवायची, एवढेच. जिंकल्याचे हसू नाही, चुकल्याची हळहळ नाही. मी तर लाकूडच. पण त्या दिवसांत ती माझ्याहून जास्त लाकूड झाली होती.

चिमणीला ते बघवेना. एका संध्याकाळी ती हरू लागली. सहज घेता येणारे चेंडू सोडू लागली, सोपे फटके जाळीत मारू लागली. मनापासून मारलेला चेंडू माझ्या अंगावर कसा आपटतो, ते मला ठाऊक होते. हे चेंडू तसे नव्हते. ताईच्याही ते लक्षात आले. ती थांबली.

"तू मुद्दाम हरतेयस?"

"नाही गं."

"खोटं बोलू नकोस. तिथपर्यंत तुझा हात पोचतो. मीच शिकवलंय तुला."

चिमणीला रडू फुटले. "मग काय करू? मी जिंकले आणि तू बोलायचीच बंद झालीस! नको मला तो कप. तूच जिंक."

ताईने जाळीजवळ पडलेला चेंडू उचलला. मग तिने विचारले, "तू एवढी वर्षं हरलीस. तुला पण असं व्हायचं? सगळं बधिर?"

"व्हायचं की. पण दुसऱ्या दिवशी तुझ्याशीच खेळायचं असायचं ना!"

ताईने चेंडू तिच्याकडे टाकला. "मग नीट खेळ. हरव मला. पण अशी भीक घालू नकोस."

डाव पहिल्यापासून सुरू झाला. चिमणी डोळे पुसत खेळली आणि पुन्हा जिंकली. ताईचा चेहरा काही फुलला नाही. बधिरपणा एका संध्याकाळीत जात नाही. पण ती माझ्या कडेने चालत पलीकडे गेली आणि तिने हात पुढे केला. "शेवटचा फटका भारी होता," ती कोरड्या आवाजात म्हणाली. चिमणीने तो हात दोन्ही हातांनी धरला आणि किती तरी वेळ सोडलाच नाही.

मुली मोठ्या झाल्या, दूर गेल्या. मग कोणी माझ्यावर गरम किटली ठेवली, कोणी बसून गप्पा मारल्या. माझ्या रंगाचे पोपडे सुटले. मित्रांनो, तुमच्या शाळेत माझ्यासारखे टेबल असेल, तर त्यावर चढू नका, त्याच्या कडा ओल्या राहू देऊ नका. त्यावर जीव लावून खेळा. आणि डाव संपला की जाळीपलीकडच्याचा हात हातात घ्या. हरला असाल, तर जरा लवकर घ्या.