रंग ठीक आहे

त्याने दोन बोटांनी तिची हनुवटी उचलली, नाकावर खिडकीतला उजेड पडेल असा चेहरा वळवला आणि डोळे बारीक केले. रंगाच्या दुकानात कुणी भिंतीचा पोपडा घेऊन आलं की तो असेच डोळे बारीक करायचा. गिऱ्हाइकाचा त्यावर फार विश्वास बसायचा.

"कसा आहे?" बायकोने विचारलं.

"ठीक आहे."

"नीट बघा. पांढरट, निळसर, जांभळट. तिन्ही बघायचेत."

"बघितले. एकही नाही."

"मग लिहा."

फ्रीजवर चिकटवलेल्या तक्त्यात 'गुरुवार, सकाळी आठ' या चौकटीत त्याने लिहिलं: रंग ठीक आहे. वरच्या सहा चौकटींत, त्याच अक्षरात, तेच लिहिलेलं होतं.

नाक सरळ दिसावं म्हणून मंगळवारी तिने त्यात सुईने फिलर भरून घेतलं होतं. चिरफाड नाही, टाके नाहीत, पंचवीस मिनिटांचं काम. सातव्या वर्षापासून प्लस आठचा जाड चष्मा वागवून नाकाचं मधोमध खोगीर झालंय, असं तिचं म्हणणं होतं. तिचं नाक छान आहे असं तो सत्तावीस वर्षं सांगत आला होता, पण "तुम्हाला काय, सगळंच छान दिसतं" या शेऱ्यासह ते मत दर वेळी निकालात निघायचं.

दवाखान्याने सूचनांचे दोन कागद दिले होते. नाक दाबू नये. पालथं झोपू नये. पंधरा दिवस नाकावर चष्मा ठेवू नये. दिवसातून चार वेळा त्वचेचा रंग बघावा, बदलल्यास ताबडतोब कळवावं. ती शाळेचा परीक्षा विभाग सांभाळत असे. सूचना वाचल्या नाहीत म्हणून मुलांना वर्गाबाहेर काढणारी बाई. मंगळवारी घरी येताना गाडीत तिने सवयीने, नसलेला चष्मा वर सरकवायला बोट नेलं आणि थेट नाकावर आपटलं. घरी आल्या आल्या तिने चष्मा कपाटात टाकला, कुलूप लावलं आणि किल्ली त्याच्या हातात दिली.

"मी मागितली तरी द्यायची नाही. रडले तरी."

लेन्स तिच्या डोळ्यांना सोसत नसत. चष्म्याविना आरशात तिला एक बदामी ढग दिसे. जवळ जावं तर मोठा ढग. म्हणजे हौस तिची, नाक तिचं, आणि ते बघितलेलं नव्हतं फक्त तिनेच.

"कुठे कामाला असता आपण?" सूचना समजावताना दवाखान्यातल्या नर्सने त्याला विचारलं होतं.

"रंगाच्या दुकानात," बायकोनेच उत्तर दिलं. "शेड यांना नुसत्या नजरेने कळते."

"मग काय, आम्हाला काळजीच नाही!"

तेव्हा तो हसला होता. त्याला रंग कळत नसत.

अगदीच कळत नसत असं नाही. लाल, हिरवा आणि तपकिरी हे त्याला सख्खे भाऊ वाटत, निळा आणि जांभळा तर जुळे. शाळेत चित्रकलेच्या सरांनी त्याचं लालभडक पानांचं झाड वर्गात फिरवलं होतं, तेव्हापासून तो या विषयावर बोलत नसे. दुकानात तो बिलं लिहायला लागला. तिथे त्याला शोध लागला की प्रत्येक डब्यावर नंबर असतो. अकराशे शेड त्याने नंबरांसकट आणि कार्डावरच्या नावांसकट पाठ केल्या. कुठले नंबर लोक जोडीने नेतात, कुठले आठवड्याने परत आणतात, हे ध्यानात ठेवलं. त्या भांडवलावर तो काउंटरवर आला आणि अर्धं गाव त्याच्या नजरेने रंगलं. स्वतःच्या झोपायच्या खोलीलाही त्याने तीनशे अठरा लावला होता. कार्डावर नाव 'जांभळी सांज'. येणारी प्रत्येक बाई म्हणायची, किती शांत वाटतं नाही इथे.

बायकोला हे सांगायचं राहून गेलं होतं. आधी फार लवकर वाटत होतं, मग एकदम फार उशीर झाला.

दहा वाजता मेव्हणीचा फोन आला. त्याने स्पीकर लावला.

"भाऊजी, ताईला म्हणे हाताला धरून बाथरूमपर्यंत नेता? लग्नात फोटोवाला ओरडून दमला, हात धरा, हात धरा, तेव्हा नाही धरलात!"

"तू येऊन जातेस का जरा?" तो म्हणाला. "अर्धा तास. बघायला."

"मुळीच नाही," बायको आतून ओरडली. "पंधरा दिवसांनी. पूर्ण झाल्याशिवाय कुणाला दाखवणार नाही मी."

"बघा, तुमचं घरात काय चालतं ते," मेव्हणी म्हणाली आणि हसत फोन ठेवला.

बाराच्या सुमारास बायको जेवणावरून उठली. नाक ठसठसत होतं. सकाळपासूनच थोडं होतं, ती म्हणाली, आता जास्त आहे. त्याने तिला खिडकीशी नेलं. नाक नाकासारखंच दिसत होतं. शेंड्याशी काहीतरी वेगळं होतं, किंवा पडद्याची सावली होती. त्याने पडदा सरकवला. ते होतं तिथेच राहिलं. मग सकाळीही ते तिथे होतं की नव्हतं, हे त्याला आठवेना.

त्याने फोटो काढून दवाखान्याला पाठवला आणि गॅलरीत जाऊन फोन लावला.

"फोटोत सगळंच पिवळं येतंय हो," नर्स म्हणाली. "तुम्ही समोर आहात ना? रंग कसा आहे?"

"म्हणजे... कितपत बदलला तर बदलला म्हणायचं?"

"निळसर वाटतोय का? जांभळट, जाळीदार असा?"

"निळसर म्हणजे साधारण कोणता? नंबर वगैरे..."

"कसला नंबर?"

"काही नाही."

"हे बघा काका, थोडं दुखतं सगळ्यांनाच. पण रंग बदलला असेल तर एक मिनिट थांबू नका. रक्त पोचत नसलं तर कातडी मरते. डॉक्टर आहेत, फिलर लगेच विरघळवून टाकतील."

तो आत आला. ती पलंगावर बसली होती, दोन्ही हात मांडीवर, नाकाला काही लागू नये म्हणून मान ताठ.

"आपण जाऊन येऊ," तो म्हणाला.

"रंग बदललाय?"

त्याने वाकून परत नाकाकडे बघितलं.

"मग कशाला? गेलं की काढून टाकतील ते. मी अजून बघितलंसुद्धा नाही." ती थांबली. "तुम्ही ठीक म्हणताय ना? मग ठीक आहे. तुमच्याइतकं आणखी कोणाला कळणार?"

त्याने खिशातून किल्ली काढली. कुलपाचा आवाज ऐकून ती उठली.

"काय करताय? पंधरा दिवस म्हटलंय!"

"मला दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

"रंग."

"आज?"

"पहिल्यापासून."

ती त्याच्या दिशेने, म्हणजे त्याच्या डावीकडे जरा, बघत राहिली.

"आणि दुकान?"

"नंबर असतात."

"माझ्या साड्या?"

"तू नेसून आलीस की तुझ्या चेहऱ्याकडे बघून सांगायचो."

यावर तिला बोलायचं होतं, पुष्कळ बोलायचं होतं. पण तिचा हात नाकाकडे गेला आणि अलीकडेच थांबला.

"आणा इकडे," ती म्हणाली.

त्याने तिला कपाटाच्या आरशासमोर उभं केलं आणि मागून, दोन्ही हातांनी काड्या धरून, चष्मा तिच्या डोळ्यांपुढे आणला, नाकापासून बोटभर दूर.

"हलवू नका."

"नाही हलवत."

"हलतोय."

त्याने कोपरं अंगाशी आवळून धरली. आरशात तिचे डोळे भिंगांतून एकदम मोठे झाले. ती बघत राहिली. ओठांचा एक कोपरा किंचित वर गेला.

"सरळ आलंय हो," ती म्हणाली.

मग ती पुढे झुकली. तिच्याबरोबर तोही चष्म्यासकट झुकला. ओठाचा कोपरा खाली आला.

"रंग?" त्याने विचारलं.

तिची नजर आरशातून नाकावरून निघाली, त्याच्या खांद्यावरून मागच्या भिंतीवर गेली, आणि परत आली.

"ह्या भिंतीसारखा," ती म्हणाली. "जाळी जाळी."

त्याने वळून पाहिलं नाही. पाहून कळणार नव्हतं. तीनशे अठरा.

"गाडी बोलवा."

"हो."

"थांबा. चष्मा काढू नका. एक मिनिट बघू दे मला."

फोन त्याच्या खिशात होता आणि दोन्ही हात अडकलेले. नर्स म्हणाली होती, एक मिनिट थांबू नका. त्याने मनातल्या मनात साठ मोजायला सुरुवात केली. आकड्यांत तो कधी चुकत नसे.