पूर्वेची भिंत

अकरमभाईंनी नकाशा पसरला आणि ह्यांनी पूर्वेच्या भिंतीवर पेनानं आडवी काट मारली. "इकडं एकही खिडकी नको."

अकरमभाई आमचे इंजिनिअर. ते ह्यांच्याकडं बघतच राहिले. "आनंदराज साहेब, लोक पूर्वेच्या उजेडासाठी माझ्याशी भांडतात. तुम्ही तोच बंद करून राहिले?"

"सगळं समोर द्या. काचा, छज्जे, ग्रील. रस्त्यानं जाणाऱ्याची मान वळली पाहिजे."

मी तोंडाळ बाई. भाजीवाल्याला सोडत नाही, नळवाल्याला सोडत नाही. पण त्या दिवशी माझी वाचाच बसली, कारण मला सगळं ठाऊक होतं. पूर्वेला, नाल्यापलीकडं, आमची वस्ती आहे. तिथं विहार आहे आणि विहारावर निळा झेंडा. आणि आमच्या वरच्या मजल्यावर क्लासच्या पोरी ठेवायच्या होत्या. लातूरला अकरावी-बारावीच्या क्लासला लांबलांबचे आईबाप पोरींना घेऊन येतात. खोलीत शिरले की आधी खिडकी उघडतात, शेजार कसा आहे ते बघायला. झेंडा दिसला की "कळवतो" म्हणून जातात, ते गेलेच. रिकाम्या खोल्या काय चाटायच्या? म्हणून मी गप्प बसले. डोंबलाचा माझा तोंडाळपणा!

माझ्या सासूबाई, भामाबाई, मी त्यांना आत्या म्हणते, वस्तीतच राहायच्या, त्यांच्या बहिणीकडं, नागुबाईकडं. भूकंपात किल्लारीकडचं त्यांचं घर पडलं, ह्यांची धाकटी बहीण गौतमी दगडांखाली गेली, तेव्हापासून आत्या लातुरात. रोज सकाळी नाला ओलांडून यायच्या आणि नव्या भिंतींवर पाणी मारायच्या. गड्यालाही पाइप धरू द्यायच्या नाहीत. पूर्वेची भिंत डोक्याच्या वर गेली तशी त्यांनी विचारलं, "आनंदा, हिकडं खिडकी न्हाई का रे? बसल्या जागी विहार दिसला असता मला."

हे म्हणाले, "भूकंपाचं आहे आई. जास्त खिडक्या ठेवल्या की भिंत कमजोर होते. इंजिनिअरच म्हणाले."

अकरमभाई तिथंच उभे होते. त्यांनी खाली मान घातली. भूकंपाचं नाव काढलं की आत्या पुढं बोलत नाहीत, हे त्यांच्या लेकाला चांगलं माहीत होतं. मला इतका राग आला की हातातली घागर आपटावी वाटली. आणि मी बोलले काय? "खरंय आत्या, ते सुरक्षेसाठी आहे." आत्यांनी पाइप उचलला आणि त्याच भिंतीवर पाणी मारायला लागल्या.

पुढच्या आठवड्यात नागुबाई दारात. "जय भीम माय. थोड्या इटा दे ना उरलेल्या."

"कशाला हो मावशी?"

"खिडकी बुजवून घेते. भामा समद्यांना सांगत सुटलीय, आनंदानं भूकंपाच्या भेवानं अख्खी भिंत बंद केली म्हून. शिकलेलं लेकरू हाय, इचार करूनच केलं आसंल ना?"

त्यांच्या घराला खिडकी ती एकच, चुलीजवळची. तिच्यातनंच धूर बाहेर जायचा. मला इतकी शरम वाटली की मावशींच्या तोंडाकडं बघवेना. "विटा उरल्याच नाहीत" अशी थाप मारून त्यांना चहा पाजला, आणि त्या बाजाराकडं वळताच चप्पल घालून तडक आत्यांकडं गेले. म्हटलं, आता सांगून टाकायचं, मग ह्यांनी कितीही आदळआपट करू दे.

आत्या ओसरीत तूर निवडत होत्या. मी सांगितलं. क्लास, पोरी, त्यांचे आईबाप, झेंडा, सगळं. सांगताना मला रडू फुटलं. आत्या निवडतच राहिल्या.

"माय, आमच्या गावातल्या घराला एक बी खिडकी नव्हती," त्या म्हणाल्या. "नुसत्या दगडाच्या भिंती. तरी पडलंच की. गौतमीला भायेर काढाया फट सुदिक घावली न्हाई. आन मला खिडकीनं घर पडतं म्हून सांगतंय लेकरू."

"मग तुम्ही वस्तीत तसं का सांगत सुटलात?"

"लोक इचारत्यात ना. भामाबाय, तुज्या लेकानं आपल्याकडं पाठ का केली? काय सांगू त्यांना? त्याला आपली लाज वाटती म्हून? भूकंप म्हनलं की समदे गप बसत्यात. मेल्या पोरीचं नाव पुढं केलं मी, तिच्या भावासाठी." त्यांनी सूप खाली ठेवलं. "नागूला सांगते मी, खिडकी राहू दे म्हून. तू रडू नको."

मी पाया पडायला वाकले तर त्यांनी माझे हात धरले.

"येक कर. मला कळलंय हे आनंदाला सांगू नको. लाजंल, आन माज्याकडं यायचंच बंद करंल."