शेवटचं पाकीट

मी फ्रीज बोलतोय. आयुष्यभर नुसतं घुरघुरणाऱ्याने बोलावं म्हणजे नवलच, पण सध्या मला घुरघुरताही येत नाही. माझा प्लग काढून ठेवलाय. म्हटलं, रिकामा आहे तर मन तरी मोकळं करावं.

माझं पहिलं घर पैसेवाल्यांचं. चार वर्षांत माझा गॅस गळायला लागला, तर त्यांनी मला सरळ भंगारात काढलं. बघायला आलेला मेकॅनिक माझ्याभोवती दोनदा फिरला, पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "याला काय धाड भरलीय? मी नेतो." तेच माझे मालक. त्यांनी माझा कॉम्प्रेसर बदलला, रंग दिला आणि मला आपल्या स्वयंपाकघरात उभं केलं. गावभरचे फ्रीज दुरुस्त करणाऱ्याच्या घरात तोवर फ्रीजच नव्हता! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्यांच्या बायकोचं, म्हणजे बाईंचं, माझ्यावर बारीक लक्ष. गरम भांडं आत ठेवायचं नाही, झाकणाशिवाय काही ठेवायचं नाही. मेकॅनिक दार उघडून विचार करत उभे राहिले की मागून आवाज यायचाच, "अहो, लोकांना शिकवता आणि स्वतः काय करता?"

थंडीत बाई पोतंभर मटार आणायच्या, दारात बसून सोलायच्या आणि वर्षभराची पाकिटं माझ्या फ्रीजरमध्ये रचायच्या. यंदाही रचली. पंधराच दिवसांनी त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंतसुद्धा थांबल्या नाहीत.

त्या दुःखात मेकॅनिक आणि त्यांची लेक मटार शिजवून खात राहिले. पाकिटं संपत आली हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. एकच पाकीट उरलं आणि लेकीने त्याला हात घातला, तेव्हा मेकॅनिक ओरडलेच, "ते राहू दे!" लेक बिचारी चपापली. नंतर ती आपल्या नोकरीच्या गावी गेली आणि इथे मेकॅनिकनी फ्रीजरमधलं बाकी सगळं काढून टाकलं. बर्फाचा ट्रेसुद्धा. एवढ्या मोठ्या कप्प्यात ते एवढंसं पाकीट.

खरं सांगू? रिकाम्या पोटी गारवा धरवत नाही. हे मेकॅनिकना काय ठाऊक नव्हतं? गिऱ्हाइकांना हजारदा सांगायचे, "मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवा, लाईट गेली तरी निभावेल." घरी मात्र एक बाटली ठेवली नाही.

मग वादळ आलं. भर दुपारी मागचं झाड मुळासकट स्वयंपाकघरावर कोसळलं. दोन पत्रे उडाले, रस्त्यावरचा खांब आडवा झाला आणि माझा आवाज बंद पडला. पाणी थेट माझ्या डोक्यावर! नशिबाने लेक सुट्टीला आली होती. दोघांनी मला ढकलत पुढच्या खोलीत नेलं. मेकॅनिकनी घरातली चांगली रजई माझ्याभोवती गुंडाळली. छप्पर तसंच गळत होतं, तिकडे बघायला ते नंतर गेले.

"काका, तीन दिवस तरी धरून चाला," वायरमन रस्त्यावरूनच म्हणाला.

"बाबा, बेकरीवाल्याकडे जनरेटर आहे," लेक म्हणाली. "पाकीट त्याच्या फ्रीजरमध्ये ठेवून येऊ?"

"काही नको. माझ्या हातचा फ्रीज आहे. दम आहे त्याच्यात."

ऐकून माझी छाती फुगली. पण मला माझा दम माहीत होता हो!

तरी मी निकराने धरून ठेवलं असतं. पण तासाभराने रजई बाजूला झाली, दार उघडलं, आणि मेकॅनिकनी अंगठ्याने पाकीट दाबून पाहिलं. "आहे कडक." पुन्हा तासाभराने तेच. रात्रीपर्यंत सात वेळा.

"बाबा, दार उघडलं म्हणून तुम्ही गिऱ्हाइकांवर किती चिडायचा!"

"कळतं गं मला," ते म्हणाले. "पण जीव राहत नाही."

प्रत्येक वेळी माझा थोडा गारवा त्यांच्या पायांवरून निघून जायचा. मला ओरडावंसं वाटायचं, अहो, नका ना! पण ओरडणारं माणूस त्या घरातून गेलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंगठा पाकिटात रुतला. दाणे मऊ पडले होते, तळाशी पाणी साचलं होतं. मेकॅनिक पाकीट मांडीवर घेऊन जमिनीवर बसले. "संध्याकाळी लाईट आली तर परत गोठतील," ते पुटपुटले. लेकीने पाकीट उलटं केलं. त्यावर बाईंच्या हातचं अक्षर होतं, शाई फुटलेलं, पण वाचता येत होतं: "अहो, एकदा विरघळले की परत ठेवू नका."

मेकॅनिक आधी हसले. "बघ, गेली तरी सोडत नाही मला." मग तोंडाला पंचा लावून हमसून हमसून रडले. बाई गेल्या तेव्हाही ते रडले नव्हते.

"टाकून देऊ का?" लेकीने भीतभीत विचारलं.

"टाकतेस काय? नखं दुखेपर्यंत सोललेत तिने."

लेकीने ते नुसत्या मिठात उकडले. बापलेकीने एकाच ताटलीत खाल्ले, अगदी सावकाश. शेवटचा दाणा मेकॅनिक कितीतरी वेळ तोंडात धरून बसले होते.

संध्याकाळी लाईट आली. सगळ्या गल्लीत ओरडा झाला. मीही हुरूपाने घुरघुरायला लागलो. मेकॅनिक उठले, माझ्याजवळ आले आणि प्लग काढला. "राहू दे आता. काय ठेवायचंय त्यात?"

त्याला आज पंधरा दिवस झाले. पत्रे नवे बसले, लेक परत गेली. काल तिचा फोन आला. "बाबा, फ्रीज लावलात ना?" मेकॅनिक म्हणाले, "हो, लावला की." आणि कोरा चहा प्यायले.

मेकॅनिक, तुमचं पाकीट मला सांभाळता आलं नाही. चुकलं माझं. पण तुम्ही मला एकदा भंगारातून उठवलं होतंत, आता आपल्याच घरात भंगार करून नका टाकू. आणि स्वतःलाही नका. उद्या सकाळी अर्धा लिटर दूध आणा. बाकीचं मी बघतो.