ओल्या चादरींचा चढ

मावशीचं धुलाईघर चढाच्या पायथ्याशी आणि चादरी वाळत घालायची गच्ची चढाच्या माथ्यावर. असली जागा निवडणाऱ्याला गाठून चार शब्द सुनवावेत असं तिला रोज वाटे, पण निवडली होती तिनंच. वीस वर्षं तिनं तीनचाकी सायकलगाडी वर रेटली. आता गुडघ्यांनी संप पुकारला होता. थोरली बहीण म्हणे, "पुरे झालं. गाडी विक आणि बस घरात." घरात बसायचं म्हणजे दिवसभर बहिणीचं ऐकायचं. त्यापेक्षा गाडीला मोटर लावलेली बरी.

बहिणीचा मुलगा एका दुकानात विजेच्या सायकली जुळवायचा. त्याचं मत तयारच होतं. "मावशी, चाकातली मोटर घे. चाक बदललं की काम फत्ते. साखळीशी संबंध नाही, आवाज नाही, कटकट नाही."

"तिथं चढ आहे," भाचेसून मान वर न करता म्हणाली. ती त्याच दुकानात मोटरींच्या तारा गुंडाळायची. "पायडलपाशी बसते ती मोटर लावा. ती साखळीतून ओढते. गिअर हलका केला की भराभर फिरते आणि चढ जड जात नाही. चाकातली तिथं रांगेल आणि तापेल."

"तुला जिकडेतिकडे तापलेलंच दिसतं."

"जळक्या मोटरी माझ्या टेबलावर येतात. तुमच्याकडे येतात त्या कोऱ्या, फुलं वाहिल्यासारख्या."

मावशीला यातलं फारसं कळलं नाही. पण भाच्याला नवरेपण राखायचंय, एवढं कळलं. तिनं चाकाचे पैसे मोजले. त्यानं चाक बसवलं, धुलाईघरातली सहा गाठोडी गाडीत टाकली आणि गाडी लोण्यातून सुरी जावी तशी वर नेऊन आणली.

"बघितलंस?"

"गाठोडी कुठली घेतलीस रे?"

"ही काय, फळीवरची."

"ती इस्त्रीची! वाळलेल्या चादरी मी वर कशाला नेऊ? हवापालट करायला?"

मग हौदातून काढलेल्या, निथळत्या चादरी भरल्या. गाडी निम्म्या चढापर्यंत कण्हत गेली आणि थांबली. भाच्यानं चाकामागे दगड लावला, मोटरीला हात लावला आणि झटकन काढून घेतला. भाचेसुनेनं ओल्या चादरीचं टोक त्याच्या बोटांवर धरलं. तेच त्याला जास्त लागलं.

चार दिवसांनी पायडलपाशी दुसरी मोटर बसली. भाच्याचा शेवटचा बार अजून बाकी होता. "साखळी लवकर झिजेल हं. दर सहा महिन्यांनी बदलावी लागेल."

"झिजू दे. गुडघा बदलून देतोस का दर सहा महिन्यांनी?"

मावशीनं ओली गाठोडी भरली, गिअर हलका केला आणि पायडल मारलं. गाडी सावकाश, पण एका चालीनं चढू लागली. दगड हातात घेऊन भाचा मागे पळत होता. निम्म्या चढावर तो मागे पडला.

गच्चीवर बहीण वाट बघत उभी होती. बहुधा 'मी सांगत नव्हते?' हे वाक्य तयार ठेवून. मावशी उतरली, तिनं पहिली चादर झटकली आणि एक टोक बहिणीच्या हातात दिलं.

"नीट धर. जमिनीला टेकवू नकोस," ती म्हणाली, "अजून दोन खेपा आहेत."