बिनभांडणाचे टायर

त्या घरात गाडीसाठी काहीही घ्यायचं म्हटलं की आधी बापलेकांचं भांडण व्हायलाच हवं, अशी रीतच पडून गेली होती. साधं वायपरचं रबर आणायचं असलं तरी सकाळ गेलीच म्हणून समजा. लेकाचं म्हणणं, वीस वर्षांची गाडी, आता पुरे. वडिलांचं म्हणणं, तू चाळिशीचा झालास, तुला टाकलं का आम्ही? आई मधूनच दोघांवर ओरडायची, आणि शेवटी वडिलांना हवं तेच घरात यायचं. वडील बस डेपोत फोरमन होते. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी सगळं जग त्यांना फोरमनच म्हणायचं. रागावली की आईसुद्धा.

मंगळवारी दवाखान्यात तपासणी झाली. फोरमन आत बुटाच्या नाड्या बांधत होते, तेवढ्यात डॉक्टरांनी आईला आणि लेकाला बाहेर नेऊन सांगून टाकलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर. पसरलाय. फार तर सहा महिने. नाड्या बांधायला असा कितीसा वेळ लागतो! तेवढ्यात सगळं उरकलं. आईने लेकाचं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाली, "माझी शपथ आहे तुला. ह्यांना कळता कामा नये. कळलं तर आजच हाय खातील." फोरमन बाहेर आल्यावर त्यांना सांगितलं, पोटात सूज आहे, गोळ्यांनी उतरेल. ते "बरं" म्हणाले आणि गाडीची किल्ली मागायला लागले.

तेव्हापासून लेकाच्या तोंडाला कुलूप. आईसमोर रडायची सोय नाही, वडिलांसमोर हसायची सोय नाही. आणि रविवारी सकाळी फोरमन शर्ट घालून दारात उभे. कॉलरमध्ये आणखी एक मान मावली असती.

"चल रे शहाण्या, टायर बघून येऊ. पुढचे पार गुळगुळीत झालेत."

टायरचं दुकान म्हणजे एक लांबट शेड. भिंतीला छतापर्यंत टायरांच्या चळती, जमिनीवर काळं तेल, आणि नव्या रबराचा असा वास की डोकं धरावं. दुकानदार फोरमनना जुना ओळखणारा. त्याने त्यांना बघितलं आणि गडी कपाळाला हात लावूनच पुढे आला.

"आले! आज माझा रविवार गेला."

"गेला तर गेला. माल दाखव."

फोरमननी चष्मा कपाळावर चढवला आणि टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचायला घेतले. कोणत्या आठवड्यात, कोणत्या साली टायर बनला ते त्या आकड्यांवरून कळतं. सहा महिन्यांपेक्षा जुना टायर ते हातातसुद्धा धरत नसत. दोन टायर त्यांनी आकडे बघूनच बाजूला सारले, तिसऱ्यावर अंगठा दाबून पाहिला. अंगठा दाबताना हाताची शीर वर आली. लेकाने नजर दुसरीकडे वळवली.

शेवटी दोन जाती उरल्या. "हा चाळीस हजार किलोमीटरचा," दुकानदार म्हणाला, "आणि हा ऐंशीचा. ह्याला दीडपट पैसे, पण तुमच्या वापराला आठ वर्षं बघायला नको."

 फोरमन लेकाकडे वळले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. आता लेक म्हणणार, आठ वर्षं? ह्या गाडीला? मग ते म्हणणार, तुला काय कळतंय. मग दुकानदार मध्ये पडणार. सगळं ठरलेलं.

लेकाच्या मनात मात्र भलतंच चाललं होतं. आठ वर्षं, आणि इथे सहा महिने. ह्या माणसाला आता नाही कशाला म्हणायचं? जन्मभर आपण ह्यांच्या प्रत्येक गोष्टीत खोडा घातला. आज नको. आज जे मागतील ते द्यायचं.

"ऐंशीवाले घ्या बाबा," तो म्हणाला. "चारही बदलून टाका."

फोरमनचे हात कमरेवरून खाली आले.

"मागचे दोन अजून चालतील."

"असू द्या. एकदाच होऊन जाईल."

"पैसे किती सांगितले, ऐकलंस ना?"

"ऐकलं. मी देतो."

"आणि गाडी विकायची म्हणत होतास, त्याचं काय झालं?"

"कशाला विकायची? चांगली तर आहे."

फोरमन एक पाऊल जवळ आले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "स्टेपनीलाही नवा टाकू?"

"टाका की."

झालं. अरे, पाचवा टायर! डिकीत पडून राहणाऱ्या चाकाला नवाकोरा टायर, आणि त्याला हा पोरगा हो म्हणतोय! एक वाकडा शब्द बोलला असता तर निभावलं असतं. पण मायेपोटी माणसाला एवढंसुद्धा सुचत नाही. आपण काय बोलून बसलो हे त्याला कळलं तेव्हा वडिलांनी चष्मा काढला होता आणि ते शर्टाच्या टोकाने पुसत होते, कितीतरी वेळ.

"दोनच दे," ते दुकानदाराला म्हणाले. "चाळीसवाले. नवे मागे बसव, मागचे पुढे घे."

"फोरमन, तुम्ही आणि हलका माल?"

"पुरेल."

दुकानदाराने एकदा लेकाकडे पाहिलं आणि मुकाट्याने जॅक लावला.

बापलेक भिंतीकडेच्या बाकावर बसले. मशीनवर चाक चढलं, जुना टायर रिमवरून सुटला, हवा सूं करून गेली. फोरमन कामाकडेच बघत होते.

"डॉक्टरांनी किती दिवस सांगितले?"

लेकाला वाटलं, अजूनही सावरता येईल. "कसले दिवस, सूज उतरायला..."

"शहाण्या."

"सहा महिने," लेक म्हणाला. "फार तर." आणि मग त्याला आवरेना. तो चाळिशीचा माणूस मांडीवर कोपरं टेकून, तळहातांत तोंड लपवून रडला. वडिलांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. हात हलका लागला, नको इतका हलका.

"तुझ्या आईला माहीत आहे?"

"तिनेच शपथ घातली."

फोरमननी मान हलवली. "तरीच पाच दिवस मला एका शब्दाने बोलली नाही. मला वाटलं, माझ्यावर रुसलीये." मग त्यांनी मशीनवाल्याला तिथूनच आवाज दिला, "अरे, बॅलन्सिंगची वजनं नीट लाव, स्टिअरिंग थरथरलं तर परत येईन!"

घर तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्यावर फोरमन कठड्याला धरून थांबले. दम खाल्ला.

"आता भांड," ते म्हणाले.

"काय?"

"टायर घेऊन आपण गप्प घरात शिरलो तर ती लगेच ओळखेल. मला कळलंय हे तिला कळता कामा नये. सहा महिने ती कशी काढणार, सांग? वर गेलो की भांड माझ्याशी. चांगलं कडकडून."

"मला नाही जमणार, बाबा."

"आजपर्यंत बरं जमत होतं!"

दार उघडंच होतं. आई पंच्याने हात पुसत पुढे आली. तिने आधी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग लेकाच्या. फोरमननी त्याला कोपराने ढोसलं.

"भंगार आहे ती गाडी!" लेक ओरडला. जिन्यात घुमलं. "पैसे पाण्यात! मी विकणार ती, ह्याच महिन्यात विकणार!"

"मी मेल्यावर वीक!"

इतक्या वर्षांची सवय, वाक्य आपसूक तोंडातून सुटलं. आईचा पंचा हातातच राहिला. फोरमन लेकाकडे बघत होते, डोळ्यांनी विनवत होते, बोल, लवकर बोल.

"तोपर्यंत तिचं लोखंडसुद्धा कोणी घेणार नाही!" लेक म्हणाला.

आईने श्वास सोडला. पाच दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला. "आले भांडत!" ती म्हणाली. "एक रविवार सुखाचा जाऊ द्याल तर शपथ." बोलताना ती चक्क हसली, आणि चहा टाकायला आत गेली.

ती आत जाईपर्यंत फोरमन ताठ उभे होते. मग त्यांनी लेकाचा दंड धरला आणि तिथेच, चपलांच्या शेजारी, हळूहळू खाली बसले.